सिनिक (संगीतसमूह)

सिनिक हा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मायामी शहरात १९८७ साली स्थापन झालेला प्रायोगिक मेटल संगीतसमूह आहे. गिटारवादक व गायक पॉल मास्विदाल आणि ड्रमवादक शॉन रायनर्ट हे त्याचे संस्थापक होत. डेथ मेटल या अत्यंत आक्रमक संगीतप्रकारात जॅझ फ्युजनची लयरचना, पडदे नसलेली (फ्रेटलेस) बास गिटार आणि यंत्राच्या साहाय्याने बदललेला मानवी आवाज यांचा मेळ घालणारा समूह म्हणून तो ओळखला जातो. त्याचा पहिला अल्बम 'फोकस' १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षभरातच समूह विसर्जित झाला. २००६ मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१५ मध्ये दोन्ही संस्थापकांत जाहीर फूट पडली. २०२० या एकाच वर्षी रायनर्ट आणि बासवादक शॉन मॅलोन यांचे निधन झाले. त्यानंतरही मास्विदाल यांनी समूहाचे काम चालू ठेवले.

स्थापनेपासून २०२१ पर्यंतच्या ३४ वर्षांत सिनिकचे पूर्ण लांबीचे केवळ चार अल्बम प्रसिद्ध झाले. तरीही प्रोग्रेसिव्ह आणि टेक्निकल मेटलच्या इतिहासात या समूहाचा उल्लेख टाळता येत नाही. अल्प निर्मिती आणि दीर्घ प्रभाव यांतील हे अंतर समजून घेण्यासाठी समूहाच्या फुटी व पुनर्मीलने कोणत्या परिस्थितीत घडली, हे पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडा हे डेथ मेटलचे प्रमुख केंद्र बनले. डेथ, मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डीसाइड आणि एथिइस्ट हे समूह याच राज्यात वाढले. टॅम्पा येथील मॉरिसाउंड हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आणि तेथील निर्माते स्कॉट बर्न्स यांच्यामुळे या संगीताला एक ठळक, ओळखू येणारा ध्वनी लाभला. अतिवेगवान ड्रम, खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी आणि शब्द सहज उमगू नयेत असे घोगरे, गुरगुरते गायन (ग्राउल) ही या प्रकाराची प्रमुख लक्षणे होत. मृत्यू, हिंसा, रोगराई आणि धर्मविरोध हे त्याचे नेहमीचे विषय होते.

या प्रकाराचा प्रसार प्रारंभी भूमिगत मार्गानेच झाला. समूह स्वतःच्या खर्चाने नमुना ध्वनिफिती (डेमो) तयार करीत. चाहते त्या टपालाने परस्परांना पाठवीत आणि हौशी मासिकांतून त्यांची परीक्षणे छापून येत. सिनिकचे नाव अल्बम येण्याच्या कितीतरी आधी याच मार्गाने देशोदेशींच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते.

स्थापना आणि डेमो (१९८७–१९९१)

मास्विदाल आणि रायनर्ट हे किशोरवयापासूनचे मित्र. त्यांनी समूह स्थापन केला तेव्हा दोघेही सोळा वर्षांच्या आसपास होते. १९८८ ते १९९१ या काळात समूहाने चार डेमो ध्वनिमुद्रित केले. सुरुवातीच्या डेमोंतील संगीत थ्रॅश मेटलला जवळचे होते. गिटारवादक जेसन गोबेल आणि बासवादक टोनी चॉय यांच्या आगमनानंतर रचना अधिक गुंतागुंतीच्या होत गेल्या. १९९१ चा डेमो रोडरनर रेकॉर्ड्स या कंपनीसाठी तयार झाला आणि समूहाच्या पहिल्या अल्बमची अपेक्षा निर्माण झाली.

प्रत्यक्षात हा अल्बम येण्यास आणखी दोन वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण सदस्यांचे वादनकौशल्य हेच होते. अवघड रचना चटकन आत्मसात करणाऱ्या या तरुण वादकांना इतर समूहांकडून बोलावणी येऊ लागली. डेथ या समूहाचे प्रमुख चक शुल्डिनर यांनी मास्विदाल व रायनर्ट यांना आपल्या 'ह्युमन' (१९९१) या अल्बमसाठी घेतले. चॉय यांनी नेदरलँड्समधील पेस्टिलन्सच्या 'टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स' (१९९१) या अल्बमवर बास वाजवला. एथिइस्टचे बासवादक रॉजर पॅटरसन यांचा १९९१ मध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर त्या समूहाच्या 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' या अल्बमसाठीही चॉय यांनीच वादन केले.

परिणामी, सिनिकचा स्वतःचा अल्बम बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या सदस्यांचे वादन या प्रकारातील तीन महत्त्वाच्या अल्बमांवर ऐकू येत होते. 'ह्युमन'मधील रायनर्ट यांच्या ड्रमवादनाने तर डेथ मेटलमधील ड्रमवादनाची दिशा बदलली, असे अनेक समीक्षक मानतात. केवळ वेग आणि जोर यांवर भर न देता त्यांनी झांजांवरील नाजूक काम, बदलते मात्रागट आणि दोन आघातांमधील मोकळी जागा यांचा वापर केला.

'फोकस' (१९९३)

डेथच्या युरोप दौऱ्यानंतर मास्विदाल व रायनर्ट यांचे वादनसाहित्य एका आर्थिक वादामुळे इंग्लंडमध्ये अडकून पडले. पुढे २४ ऑगस्ट १९९२ रोजी दक्षिण फ्लोरिडावर आदळलेल्या अँड्र्यू चक्रीवादळाने गोबेल यांचे घर आणि समूहाची तालमीची जागा उद्ध्वस्त केली. ध्वनिमुद्रण पुन्हा लांबणीवर पडले. मात्र या सक्तीच्या विश्रांतीत समूहाचे संगीत आणखी बदलले. जुन्या रचनांची फेरमांडणी झाली आणि चॉय यांच्या जागी शॉन मॅलोन आले. मॅलोन हे संगीतशास्त्राचे अभ्यासक होते. पडदे नसलेली बास गिटार आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तारा दाबून वाजवले जाणारे चॅपमन स्टिक हे वाद्य ते वाजवीत.

'फोकस' सप्टेंबर १९९३ मध्ये रोडरनर रेकॉर्ड्सतर्फे प्रसिद्ध झाला. मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स यांच्यासह ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये आठ रचना असून एकूण लांबी सुमारे ३६ मिनिटे आहे. त्यातील गायनाची रचना विशेष उल्लेखनीय आहे. ग्राउल पद्धतीने गात राहिल्यास आवाज कायमचा जाऊ शकतो, असा इशारा मास्विदाल यांना वैद्यकीय सल्ल्यातून मिळाला होता. त्यामुळे ग्राउलचे काम टोनी टीगार्डन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि मास्विदाल यांनी व्होकोडर या उपकरणातून आपला आवाज गाळून घेतला. या उपकरणामुळे मानवी स्वर यंत्रमानवासारखा, तरीही सुरेल ऐकू येतो. एका शारीरिक मर्यादेतून निघालेला हा उपाय पुढे समूहाची सर्वांत ओळखीची खूण ठरला.

आशयाच्या दृष्टीनेही अल्बम प्रचलित डेथ मेटलहून निराळा होता. मास्विदाल यांना ध्यान, योग आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान यांची ओढ होती. अल्बममधील पहिल्या रचनेचे नाव 'व्हेल ऑफ माया' म्हणजे 'मायेचा पडदा' असे आहे. वेदान्तातील माया ही संकल्पना मराठी वाचकाला संतवाङ्मयामुळे परिचित आहे. मृतदेह आणि रक्तपात यांच्या वर्णनांनी भरलेल्या तत्कालीन डेथ मेटलमध्ये मात्र हा विषय सर्वथा अनपेक्षित होता. मुखपृष्ठासाठी अमेरिकन चित्रकार रॉबर्ट व्हेनोसा यांचे स्वप्नवत चित्र वापरण्यात आले. व्हेनोसा यांच्या चित्रांशी जुळलेले हे नाते समूहाच्या पुढील अल्बमांतही टिकून राहिले.

पहिले विसर्जन (१९९४)

'फोकस'नंतर समूहाने युरोपात पेस्टिलन्सबरोबर आणि अमेरिकेत कॅनिबल कॉर्प्सबरोबर दौरे केले. या दौऱ्यांत मॅलोन यांच्याऐवजी क्रिस क्रिंगेल यांनी बास वाजवला, तर डेना कॉस्ली यांनी ग्राउल व कळफलक (कीबोर्ड) या दोन्ही बाजू सांभाळल्या. कॅनिबल कॉर्प्सचा श्रोतृवर्ग हिंसक आशयाच्या, थेट अंगावर येणाऱ्या डेथ मेटलचा होता. त्याच्यासमोर व्होकोडरमधील गायन आणि जॅझच्या अंगाने जाणारे वादन सादर करताना समूहाला मोठा विरोध सहन करावा लागला.

दुसऱ्या अल्बमची तयारी चालू असतानाच १९९४ मध्ये समूह विसर्जित झाला. सदस्यांच्या संगीतविषयक आवडी डेथ मेटलपासून दूर गेल्या होत्या आणि परस्परांतील मतभेदही वाढले होते. मास्विदाल, रायनर्ट, गोबेल आणि क्रिंगेल यांनी गायिका अरुणा एब्रम्स यांच्यासह 'पोर्टल' या नावाने काम सुरू केले. या संगीतात ग्राउल पूर्णपणे वगळलेले होते. परंतु पोर्टलचा अल्बम त्या काळी निघाला नाही. त्याची ध्वनिमुद्रणे 'द पोर्टल टेप्स' या नावाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

मधला काळ (१९९५–२००६)

विसर्जनानंतर मास्विदाल व रायनर्ट कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. दोघांनी दूरचित्रवाणीसाठी संगीत करण्याचे काम केले आणि 'ईऑन स्पोक' हा सौम्य प्रकृतीचा पर्यायी रॉक समूह चालवला. त्याचा 'अबव्ह द बरीड क्राय' हा अल्बम २००४ मध्ये आला. मॅलोन यांनी 'गॉर्डियन नॉट' या वाद्यसंगीताच्या प्रकल्पाद्वारे दोन अल्बम काढले. रायनर्ट यांनी दोन्हींवर ड्रम वाजवले. दुसऱ्या अल्बमवर, म्हणजे २००३ च्या 'इमर्जेंट'वर, मास्विदाल आणि गोबेल हेही पाहुणे वादक म्हणून आले. मॅलोन यांनी बासवादकांसाठी संगीतसिद्धान्ताचे पुस्तक लिहिले. विख्यात जॅझ बासवादक जॅको पास्टोरियस यांच्या एकलवादनांचे स्वरलेखन व विश्लेषणही त्यांनी प्रसिद्ध केले.

म्हणजेच सिनिक हे नाव वापरात नसले तरी सदस्यांमधील सांगीतिक संबंध तुटले नव्हते. याच काळात 'फोकस'ची प्रतिष्ठा मात्र वाढत गेली. इंटरनेटमुळे दुर्मीळ अल्बम ऐकणे सोपे झाले. १९९३ मध्ये हा अल्बम ज्यांच्या कानांवर पडला नव्हता, अशी नवी पिढी त्याच्याकडे वळली. रोडरनरने २००४ मध्ये 'फोकस'ची वाढीव आवृत्ती काढली. तीत पोर्टलच्या काही ध्वनिमुद्रणांचाही समावेश होता.

पुनर्मीलन आणि 'ट्रेस्ड इन एअर' (२००६–२०११)

सप्टेंबर २००६ मध्ये समूहाने पुन्हा एकत्र येत असल्याचे जाहीर केले आणि २००७ च्या उन्हाळ्यात युरोपातील संगीतमहोत्सवांत कार्यक्रम केले. त्या वेळी सादर झालेल्या संगीतात 'फोकस'मधील सर्व रचना, एक नवी रचना आणि महाविष्णू ऑर्केस्ट्राची 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स' यांचा समावेश होता. जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या या फ्युजन समूहाची रचना निवडून सिनिकने आपली सांगीतिक वंशावळ डेथ मेटलबाहेरही आहे, हे उघडपणे दाखवले. मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा समूह स्थापन करणारे मॅक्लॉफ्लिन ते हेच.

दुसरा अल्बम 'ट्रेस्ड इन एअर' नोव्हेंबर २००८ मध्ये फ्रान्समधील सीझन ऑफ मिस्ट या कंपनीतर्फे प्रसिद्ध झाला. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये १५ वर्षांचे अंतर पडले. मॅलोन ध्वनिमुद्रणासाठी परतले. डच गिटारवादक टायमन क्रूडेनियर यांनी दुसरी गिटार आणि ग्राउल सांभाळले. आठ रचनांच्या या अल्बमच्या आरंभी 'नुंक फ्लुएन्स' आणि अखेरीस 'नुंक स्टान्स' ही रचना आहे. या लॅटिन संज्ञांचे अर्थ अनुक्रमे 'वाहता वर्तमान' आणि 'स्थिर वर्तमान' असे आहेत. पंधरा वर्षांनी परतलेल्या समूहाने काळाचा हा विचार अल्बमच्या दोन टोकांना ठेवावा, हे लक्षणीय आहे.

या वेळी श्रोत्यांचा प्रतिसाद वेगळा होता. समूहाने ओपेथ आणि मेशुगा या स्वीडनमधील समूहांबरोबर दौरे केले. या दोन्ही समूहांचा श्रोता विषम तालचक्रे आणि दीर्घ रचना ऐकण्यास सरावलेला होता. १९९४ मध्ये समूहाच्या विरोधात गेलेलीच वैशिष्ट्ये आता त्याची ओळख ठरली. २०१० मध्ये समूहाने अमेरिकेत 'फोकस' संपूर्ण सादर करण्याचा दौरा केला. त्याच वर्षी 'री-ट्रेस्ड' आणि २०११ मध्ये 'कार्बन-बेस्ड अ‍ॅनाटमी' हे लघुअल्बम आले. दरम्यान क्रूडेनियर आणि दौऱ्यांतील बासवादक रॉबिन झीलहोर्स्ट समूहाबाहेर पडले.

'काइंडली बेंट टू फ्री अस' आणि जाहीर निवेदन (२०१४)

तिसरा अल्बम 'काइंडली बेंट टू फ्री अस' फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मास्विदाल, मॅलोन आणि रायनर्ट या तिघांनीच तो ध्वनिमुद्रित केला. त्यात ग्राउल अजिबात नव्हते. समूह आता प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जवळ गेला होता आणि त्यामुळे जुन्या श्रोत्यांत मतभेद निर्माण झाले.

मे २०१४ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत मास्विदाल व रायनर्ट यांनी आपण दोघेही समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. मेटलच्या जगात जुडास प्रीस्टचे गायक रॉब हॅलफर्ड यांनी १९९८ मध्ये असे निवेदन केले होते. तरीही डेथ मेटलच्या पहिल्या पिढीतील एखाद्या समूहाच्या दोन्ही संस्थापकांनी एकाच वेळी हे सांगणे ही दुर्मीळ घटना होती. पुरुषी आक्रमकतेला महत्त्व देणाऱ्या आणि समलिंगी व्यक्तींविषयीची हेटाळणी नेहमीची असलेल्या वातावरणात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास १९९० च्या दशकातील दौऱ्यांत त्यांना वाटलेला परकेपणा केवळ संगीतापुरता मर्यादित नसावा, असे म्हणता येते.

दुसरी फूट आणि नावाचा प्रश्न (२०१५–२०१८)

सप्टेंबर २०१५ मध्ये रायनर्ट यांनी समाजमाध्यमावरून समूह संपुष्टात आल्याचे जाहीर केले आणि कलाविषयक व व्यक्तिगत मतभेद हे त्याचे कारण दिले. मास्विदाल यांनी या घोषणेबद्दल आश्चर्य व्यक्त करून समूह संपलेला नाही, अशी भूमिका घेतली. अशा रीतीने एका संस्थापकाच्या मते अस्तित्वात नसलेला समूह दुसऱ्याच्या मते मात्र चालूच होता. २०१७ मध्ये रायनर्ट समूहापासून वेगळे झाल्याचे स्पष्ट झाले. जानेवारी २०१८ मध्ये नवे ड्रमवादक मॅट लिंच यांच्यासह 'ह्युमनॉइड' ही रचना सिनिक या नावानेच प्रसिद्ध झाली. रायनर्ट 'परफेक्ट बीइंग्ज' या प्रोग्रेसिव्ह रॉक समूहात सामील झाले.

ही फूट १९९४ च्या विसर्जनाहून स्वरूपाने वेगळी होती. तेव्हा सर्वांनी मिळून नाव बाजूला ठेवले आणि काम दुसऱ्या नावाखाली एकत्रच चालू ठेवले. २०१५ नंतर नाव राहिले, पण ज्या दोघांच्या मैत्रीतून ते जन्मले होते, ती भागीदारी संपली. संस्थापक दोन असतील तर समूहाची ओळख रचनाकाराची की वादनातील परस्परसंबंधाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. सिनिकच्या बाबतीत गीते व सुरावटी प्रामुख्याने मास्विदाल यांच्या होत्या, परंतु समूहाचा ध्वनी ऐकताक्षणी ओळखू येतो तो रायनर्ट यांचे ड्रम आणि मॅलोन यांची बास यांमुळेही. चाहत्यांतही यावरून दोन तट पडले.

रायनर्ट आणि मॅलोन यांचे निधन (२०२०)

शॉन रायनर्ट यांचे २४ जानेवारी २०२० रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी निधन झाले. त्यांची अवयवदानाची इच्छा ते समलिंगी असल्याच्या कारणावरून नाकारण्यात आली, असे त्यांच्या पतीने जाहीरपणे सांगितले. त्यामुळे समलिंगी पुरुषांच्या अवयव व ऊतिदानावर अमेरिकेत असलेल्या निर्बंधांची चर्चा संगीतविषयक माध्यमांतही झाली. सहा वर्षांपूर्वी रायनर्ट यांनी जे उघडपणे सांगितले होते, त्याची किंमत मृत्यूनंतरही चुकवावी लागली, अशी भावना अनेक चाहत्यांनी व्यक्त केली. मास्विदाल व रायनर्ट यांनी पुन्हा एकत्र वादन करण्याची शक्यता या मृत्यूने कायमची संपली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शॉन मॅलोन यांचे वयाच्या ५० व्या वर्षी निधन झाले. 'फोकस', 'ट्रेस्ड इन एअर' आणि 'काइंडली बेंट टू फ्री अस' या तीनही अल्बमांवर वाजवणाऱ्या त्रयीपैकी आता केवळ मास्विदाल उरले.

'असेन्शन कोड्स' आणि त्यानंतर (२०२१ पासून)

चौथा अल्बम 'असेन्शन कोड्स' २६ नोव्हेंबर २०२१ रोजी सीझन ऑफ मिस्टतर्फे प्रसिद्ध झाला. त्यावर लिंच यांनी ड्रम वाजवले. मॅलोन यांच्या जागी दुसरा बास गिटारवादक घेण्यात आला नाही. खालच्या सप्तकाचे काम डेव्ह मकाय यांनी बास सिंथेसायझरवर केले. रिकामी झालेली जागा भरून न काढता तिचे स्वरूपच बदलण्याचा हा निर्णय होता. एकूण १८ भागांच्या या अल्बममध्ये मोठ्या रचनांच्या मधोमध लहान ध्वनिखंड गुंफलेले आहेत. व्हेनोसा यांचे २०११ मध्ये निधन झाले होते. त्यामुळे मुखपृष्ठावर त्यांच्या पत्नी व चित्रकार मार्टिना हॉफमन यांचे चित्र वापरण्यात आले.

२०२३ मध्ये 'फोकस'ला ३० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मूळ ध्वनिमुद्रणांचे नव्याने मिश्रण केलेली 'रीफोकस' ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. रायनर्ट व मॅलोन यांचे मूळ वादन त्यात अधिक स्पष्टपणे ऐकू येते.

संगीतशैली

सिनिकच्या शैलीची चार ठळक वैशिष्ट्ये सांगता येतात. पहिले म्हणजे लय. रायनर्ट यांचे वादन ठोक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वजनावर आणि झांजांच्या छटांवर भर देते. दुसरे म्हणजे बास. मेटलमध्ये बास गिटार बहुधा मुख्य गिटारच्या सावलीत राहते. मॅलोन यांच्या वादनात मात्र ती स्वतंत्र सुरावट मांडते. पडदे नसल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे सरकत जाणे शक्य होते. तिसरे म्हणजे आवाजांची दुहेरी रचना. 'फोकस'मध्ये ग्राउल आणि व्होकोडर आळीपाळीने येतात. त्यामुळे पशुवत आणि यांत्रिक अशा दोन टोकांच्या मधला नैसर्गिक मानवी आवाज जवळजवळ अनुपस्थित राहतो. पुढील अल्बमांत हा नैसर्गिक आवाज क्रमाक्रमाने पुढे येत गेला आणि तिसऱ्या अल्बमपर्यंत ग्राउल नाहीसे झाले. चौथे वैशिष्ट्य म्हणजे आटोपशीरपणा. प्रोग्रेसिव्ह संगीत लांबलचक रचनांसाठी प्रसिद्ध असताना सिनिकचे पहिले दोन्ही अल्बम ४० मिनिटांच्या आत संपतात.

फूट आणि पुनर्मीलन यांची मीमांसा

सिनिकची वाटचाल स्वतंत्रपणे न पाहता समकालीन समूहांच्या शेजारी ठेवली असता एक समान आकृतिबंध दिसतो. १९९३ मध्ये 'फोकस'बरोबरच पेस्टिलन्सचा 'स्फिअर्स' आणि एथिइस्टचा 'एलिमेंट्स' हे अल्बम प्रसिद्ध झाले. तिन्ही समूहांनी डेथ मेटलमध्ये जॅझचा प्रयोग केला आणि तिन्ही समूह त्यानंतर लवकरच थांबले. एथिइस्ट व सिनिक २००६ मध्ये, तर पेस्टिलन्स २००८ मध्ये पुन्हा उभे राहिले. कॅनडातील गॉर्गट्स हा प्रायोगिक समूहही २००५ मध्ये थांबून २००८ मध्ये परतला. एवढ्या साम्याचे स्पष्टीकरण केवळ सदस्यांच्या स्वभावातून देता येत नाही.

पहिले कारण श्रोतृवर्गाचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी कंपन्यांनी डेथ मेटलचे अनेक समूह घाईने करारबद्ध केले, परंतु प्रयोगशील समूहांसाठी वेगळे दौरे किंवा महोत्सव नव्हते. त्यांना मुख्य धारेतील आक्रमक समूहांच्या आधी वाजवावे लागे आणि त्यांच्याच श्रोत्यांना सामोरे जावे लागे. दुसरे कारण वितरणाचे आहे. दुकानातील ध्वनिमुद्रिकांवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेत अल्बमला आपला श्रोता मिळण्यास अवधी लागे आणि तेवढा वेळ समूह तग धरू शकत नसे. २००० नंतर इंटरनेटमुळे विखुरलेले श्रोते एकमेकांना सापडले. युरोपातील मोठ्या उन्हाळी महोत्सवांनी पुनर्मीलित समूहांना मागणी आणि मोबदला दोन्ही मिळवून दिले.

तिसरे कारण वादकांच्या उपजीविकेशी निगडित आहे. गुंतागुंतीचे संगीत रचण्यास व बसवण्यास दीर्घ काळ लागतो, पण त्यातून मिळणारे उत्पन्न अल्प असते. सिनिकच्या सदस्यांनी दूरचित्रवाणीचे संगीत, अध्ययन, लेखन आणि इतर समूहांसाठीचे वादन यांवर आपली वर्षे उभारली. त्यामुळे अल्बमांमधील दीर्घ अंतरे म्हणजे सर्वस्वी निष्क्रियतेचा काळ नव्हता. तथापि, या व्यवस्थेचा ताण नात्यांवर पडतो आणि समूह ही प्रत्येकाच्या आयुष्यातील अनेक कामांपैकी एक बाब बनून राहते.

२०१५ ची फूट मात्र या कारणांनी समजत नाही. तेव्हा श्रोता होता, कंपनी होती आणि प्रतिष्ठाही होती. बाह्य अडचणी दूर झाल्यावर आतील मतभेद अधिक स्पष्ट झाले, असेच तिच्याबाबत म्हणावे लागते. पुनर्मीलनामुळे जुने संगीत पुन्हा ऐकू येते. ज्या परिस्थितीत ते घडले, ती मात्र परत येत नाही.

प्रभाव

सिनिकच्या प्रभावाच्या खुणा पुढील पिढीतील अनेक समूहांत दिसतात. शिकागो परिसरातील 'व्हेल ऑफ माया' या समूहाने आपले नावच 'फोकस'मधील पहिल्या रचनेवरून घेतले. जर्मनीतील ऑब्स्क्युरा या टेक्निकल डेथ मेटल समूहाने व्होकोडरमधील गायन आणि पडदे नसलेली बास यांचा वापर केला. सिनिकमधून बाहेर पडलेल्या क्रूडेनियर व झीलहोर्स्ट यांचा 'एक्सिव्हिअस' हा वाद्यसंगीताचा समूह त्याच परंपरेत मोडतो. मेटलमध्ये सौम्य, चिंतनशील आणि स्वच्छ आवाजातील भागांना आज जे स्थान आहे, ते मिळवून देणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत 'फोकस'ची गणना होते.

ध्वनिमुद्रिका

पूर्ण लांबीचे अल्बम
• फोकस (१९९३)
• ट्रेस्ड इन एअर (२००८)
• काइंडली बेंट टू फ्री अस (२०१४)
• असेन्शन कोड्स (२०२१)

लघुअल्बम
• री-ट्रेस्ड (२०१०)
• कार्बन-बेस्ड अ‍ॅनाटमी (२०११)

इतर
• द पोर्टल टेप्स (पोर्टल या नावाने केलेली ध्वनिमुद्रणे, प्रसिद्धी २०१२)
• युरोबोरिक फॉर्म्स (१९८८–१९९१ या काळातील डेमोंचा संग्रह, २०१७)
• रीफोकस (२०२३)